साडूंची शनिवारची विहीर

माझ्या थोरल्या साडूंइतका हट्टी माणूस ग्वाल्हेरात दुसरा नाही, आणि हे मी इथल्या मराठी माणसांना पुरतं ओळखून लिहितो आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शहरापासून तासाभरावरच्या एका साखर कारखान्यात आणि त्याला लागून असलेल्या डिस्टिलरीत ते केमिस्ट होते. निवृत्त होऊन शहरातल्या हरिशंकरपुरमात राहायला आले, पण त्यांचं नाक काही निवृत्त झालं नाही. महाराज बाड्याच्या बाजारात गूळ घ्यायला गेले की ढेप फोडून हुंगतात आणि त्यात काय काय मिसळलं आहे ते इतक्या मोठ्यानं सांगतात की मागची गिऱ्हाइकं निघून जातात. 'टाकाऊ' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. "साखरेचं काय, ती एकुलती लेक आहे, लगेच उजवली जाते," असं ते म्हणतात. "मागचा गोतावळा कोण सांभाळणार? चिपाडं बॉयलरमध्ये जळतात, मळीचं इथेनॉल होतं, ते तर ठीकच आहे. पण मैलीला आणि त्या काळ्या पाण्याला कोण विचारतं?" मैली म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा चिखल, आणि काळं पाणी म्हणजे इथेनॉल काढून घेतल्यावर डिस्टिलरीतून वाहणारं, वासानं माणसं पळवणारं पाणी. या दोघांना विचारणारा एक माणूस आहे आणि तो नेमका माझ्या नात्यात निघाला.

माझ्या मुलीचं लग्न फूलबागेजवळच्या एका हॉलमध्ये झालं. मुलीचे काका म्हणून साडूंनी दाराशी उभं राहून व्याह्यांचं स्वागत करायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात ते फेटा बांधून उष्ट्या ताटांच्या पिंपांपाशी उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला भात इकडे, द्रोण तिकडे, असं दाखवत होते. वरपक्षाच्या एका वयस्क गृहस्थांनी त्यांना केटररचा माणूस समजून पाणी आणायला सांगितलं. साडूंनी ते आणून दिलं आणि ग्लास कुठे ठेवायचा तेही समजावलं.

पण खरी कमाल झाली ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणायचं ठरवलं होतं. साडूंनी त्याऐवजी मैलीचं खत लुटायला लावलं. ताईंच्या जुन्या साडीच्या फडक्यात बांधलेली सुबक गाठोडी तयार झाली. घाईघाईत दोन-चार गाठोड्यांत अर्धवट मुरलेलं खत गेलं, आणि असं खत आतून तापत असतं हे त्या बिचाऱ्या बायकांना काय ठाऊक. आमच्या ओळखीच्या एक बाई घरी पोचल्या आणि गाठोडं हाताला गरम लागलं म्हणून खाण्याचंच असणार असं समजून त्यांनी ते देवापुढे ठेवलं. नंतर त्यांचा फोन आला. ताई दिवसभर एवढंच म्हणत होत्या, "मी तर सांगून सांगून थकली. हे ऐकतात थोडीच."

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत असू. शनिवारचं कोडं मात्र उलगडत नव्हतं. दर शनिवारी साडू पिशवीत काचेच्या बाटल्या घेऊन सकाळच्या बसनं कारखान्याकडे जात. येताना अंगाला असा वास येई की परतीच्या बसमध्ये त्यांना जागा हमखास मिळे, आणि शेजारचीही रिकामी राही. एकदा मी खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. डिस्टिलरीच्या मागे काळ्या पाण्याचा कच्चा तलाव होता आणि त्याच्या पलीकडे एक गाव. गावकऱ्यांनी विहिरीबद्दल तक्रार केली तेव्हा तपासायला तरुण केमिस्ट म्हणून साडू गेले. गेले ते श्रावणात, विहीर काठोकाठ भरलेली असताना. बाटलीत नितळ पाणी आलं आणि त्यांनी पाणी पिण्यालायक असल्याचा कागद सही करून दिला. पुढे चैत्रात पाणी तळाला गेलं आणि कात कालवल्यासारखं तांबडं निघालं; तलावातलं पाणी जमिनीतून विहिरीत झिरपत होतं. तोवर गाव तो कागद बघून महिनोन् महिने तेच पाणी पीत होतं. "खोटं लिहिलं नव्हतं मी," साडू म्हणाले. "पण भरल्या विहिरीचा नमुना घ्यायचा नसतो, एवढं तर मला कळायलाच हवं होतं ना."

तलाव बंद करा, असं ते नोकरीत असताना सांगत राहिले, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही. निवृत्त झाल्यावर मात्र ते मॅनेजरच्या केबिनबाहेर दर शनिवारी बाकावर जाऊन बसू लागले. "मी तर इथेच बसणार आहे," एवढंच सांगत. तिसरा मॅनेजर आला तेव्हा तो कंटाळला की त्याला पटलं, देव जाणे. मैलीचे लांबच लांब ढीग घातले गेले, त्यांवर तलावातलं काळं पाणी शिंपायचं, ढीग उलथायचे, पुन्हा शिंपायचं, आणि मुरलेलं खत शेतांत जायचं. साडू कोपरापर्यंत हात ढिगात घालून ऊब बघत. काही वर्षांनी तलाव कोरडा पडला. साडू दर शनिवारी विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून तपासत, पण ती स्वच्छ व्हायला त्यानंतरही कैक उन्हाळे जावे लागले.

गेल्या चैत्रात तळाचं पाणीही नितळ निघालं. साडूंनी ते सरकारी प्रयोगशाळेतूनही तपासून आणलं आणि कागद घेऊन गावात गेले. त्या दिवशी मीही बरोबर होतो. लोकांनी आदरानं कागद पाहिला, पण प्यायलं कुणी नाही. विहिरीसमोर ओट्यावर बसलेली एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "कागज तो आपने पहले भी दिया था, बाबूजी."

साडूंनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. मग पोहरा सोडला, पाणी ओढलं आणि तिच्यासमोर दोन ग्लास प्यायले. "अब कागज नहीं दूँगा, अम्मा. बारह महीने पीकर दिखाऊँगा." तेव्हापासून दर शनिवारी ते जातात, पाणी काढतात, पितात आणि परत येतात. गुडघे दुखतात, ताई ओरडतात, बस चुकते. म्हातारी ओट्यावरून बघत असते.

मागच्या शनिवारी मी पुन्हा गेलो होतो. पोहरा अर्ध्यावर आला आणि साडूंना दम लागला. मी पुढे होणार तेवढ्यात म्हातारी ओट्यावरून उतरली, त्यांच्या हातातून दोर घेतला आणि पोहरा तिनं वर ओढला. त्यांचा ग्लासही तिनंच भरला. स्वतः मात्र प्यायली नाही. पदराला हात पुसून पुन्हा ओट्यावर जाऊन बसली. मला त्या क्षणी साडूंचा फार अभिमान वाटला आणि फार वाईटही वाटलं.  परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत साडू म्हणाले, "अजून पाच महिने आहेत."