आईच्या कफनाला वाळ्याचा वास

जावातल्या बांतुलच्या बाजारात टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकणाऱ्या बायका पैशाला पासरी मिळतील, पण मढं व्हावं तर प्रिहातिननंच. सकाळी सोयाबीन केळीच्या पानात गुंडाळायचं, आणि सिनेमावाल्यांचा फोन आला की स्वतः पांढऱ्या कापडात गुंडाळून घ्यायचं, हा तिचा धंदा. पापणी लवणार नाही, छाती हलणार नाही, नाकावर माशी बसली तरी बाई ढिम्म. जकार्ताच्या नट्या म्हणे श्वास रोखायचं शिकून येतात आणि तिरडीवर ठेवल्या की शिंकतात. प्रिहातिन म्हणायची, "मरायला अक्कल लागते बायांनो. सोम्यागोम्याचं काम नाही ते."

कबरीत उतरवल्यावर कफनाच्या गाठी सोडायच्या राहिल्या, तर मढं पोचोंग नावाचं भूत होऊन उड्या मारत घरी येतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सिनेमावाल्यांची सगळी मिळकत त्या न सोडलेल्या गाठींवर चालते. प्रिहातिन अशा कितीतरी सिनेमांत पुरली गेली होती आणि प्रत्येक वेळी उड्या मारत वर आली होती.

तिची म्हातारी आई कासिला सुरुवातीला कुरकुरायची. "मौतीच्या फरिश्त्याला वाकुल्या दाखवतेस होय गं?"

"तो येऊन बघून गेला आई. म्हणाला, हिचं तर झालेलं दिसतंय, पुढच्या घरी जाऊ."

म्हातारी पदराआड हसायची. तशी तीही काही भित्री नव्हती. आपलं कफन तिनं कधीच कपाटात ठेवून दिलेलं होतं. तिच्या थोरल्या बहिणीनं हजहून आणलेलं, मक्केतल्या झमझम विहिरीच्या पाण्यात भिजवलेलं. बहीण वारली, कापड राहिलं. कासिला त्याच्या घड्यांत वाळ्याच्या मुळ्या घालायची आणि मधूनमधून उघडून ऊन दाखवायची. माणसं लग्नातल्या साडीची काय काळजी घेतील, अशी.

सिनेमाच्या कफनाला काठानं लाल दोरा घातलेला असतो. खऱ्याखोट्याची गल्लत होऊ नये म्हणून ही पद्धत. तेही गाठोडं त्याच कपाटात असायचं. त्या दिवशी दारात सिनेमावाल्यांचा मोटरसायकलवाला भोंगा वाजवून जीव खात होता. प्रिहातिननं हात घातला, पांढरं लागलं ते उचललं, आणि निघाली. घाई माणसाकडून काय काय करवून घेईल, सांगता येत नाही.

शूटिंगला शुभ म्हणून पिवळ्या भाताची रास झाली, दुआ झाली, जेवणं झाली. नव्या पोरींनी तिला गुंडाळलं, आवळून गाठी मारल्या, तोंड तेवढं उघडं ठेवलं. लाल दोरा बघायला सवड कुणाला होती? तिला खड्ड्यात उतरवलं. कॅमेरा सुरू झाला. आणि तिच्या नाकात वाळ्याचा वास शिरला.

हे तर आईचं कापड! उठावं तर हात बांधलेले, ओरडावं तर आपण मेलेलो. आणि मढं म्हणून नाव कमावलेली बाई ती, हलली नाहीच. फक्त उजव्या डोळ्यातून पाणी निघालं आणि कानात गेलं.

"राहू दे, राहू दे!" दिग्दर्शक वरून ओरडला. "रडणारं मढं! असलं कुणी केलं नाही अजून!"

घरी येऊन तिनं एक शब्द लपवला नाही. चिखलानं माखलेलं कापड आईच्या पुढ्यात ठेवलं आणि पाय धरले. कासिलानं पाय आखडून घेतले.

"जिवंत बाईनं नेसलेलं कफन मला घालणार? माझ्या बहिणीची तेवढी एकच खूण होती गं, मेले!" म्हातारीनं तोंड भिंतीकडं फिरवलं. "मी मेल्यावर तू मला हात लावायचा नाहीस. न्हाऊ घालायला शेजारची सुपिना येईल."

लेकीनं आईला शेवटचं न्हाऊ घालायचं नाही, याच्यासारखी दुसरी शिक्षा नाही आमच्यात. प्रिहातिननं कापड धुतलं, पुन्हा धुतलं, पुन्हा वाळवलं. एका कोपऱ्यातला डाग काही जाईना. कासिला जेवायला वाढायची, पण बोलायची भिंतीशी. बाजारात फुशारक्या मारणारी प्रिहातिन घरात चुलीपुढं बसून मुकाट रडायची.

सिनेमा आला तेव्हा कंपनीनं गावच्या मैदानात पडदा लावला. कासिला जाणार नव्हती. सुपिनानं दंडाला धरून नेली. "चल गं म्हातारे, तुझं कफन तुझ्याआधी प्रसिद्ध झालंय, बघ तरी!"

खड्ड्यातला प्रसंग आला. पडद्यावर प्रिहातिनचं मेलेलं तोंड, एवढं थोरलं. त्यावरून एक थेंब घरंगळला. सारं मैदान किंचाळलं, सुपिनाच्या हातातले शेंगदाणे उधळले. कासिला तेवढी शांत होती. तिनं मागं वळून लेकीला विचारलं, आणि इतक्या दिवसांनी थेट तिलाच विचारलं, "ते पाणी औषध घालून काढलेलं?"

"नाही आई. वाळ्याचा वास आला तेव्हाचं आहे."

"मग उठली का नाहीस?"

"उठले असते तर पुन्हा पहिल्यापासून केलं असतं त्यांनी. पुन्हा तुझंच कापड चिखलात."

कासिला पडद्याकडं वळली. सिनेमा संपेस्तोवर बसून राहिली.

सकाळी प्रिहातिन टेंपे बांधत होती, तेव्हा आई कपाट उघडून कफन घेऊन बाहेर आली. उन्हात पसरलं, डागावरून बोट फिरवलं.

"डाग गेला नाही आई," प्रिहातिन म्हणाली. "दुसरं घेऊ या आपण."

"कशाला? मातीचा डाग. मातीतच जायचंय." तिनं दोन्ही टोकं लेकीच्या हातात दिली. "धर, घडी घाल. न्हाऊ तूच घालायचंस. आणि गाठी जरा सैल मार गं बाई. कुठं आवळतं ते आता तुला ठाऊक आहे."