काठावरच्या चपला

पंक्चरच्या दुकानात तापल्या रबराचा वास आला की मला भंडारदऱ्याचं पाणी आठवतं. मामाचं शेत धरणाच्या पलीकडे. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पालथा पडून, हातांनी पाणी मारत तो तिकडे जायचा. चपला अलीकडे काढायचा. पलीकडच्या काठावर दुसरा जोड ठेवलेला असे. अलीकडच्या चपला दिसतायत तोवर मामा घरी आलेला नाही, हे मामीचं गणित. एका दुपारी वारा सुटला, लाटा उठल्या आणि ट्यूब रिकामीच काठाला लागली. मामी रडली नाही. चपलांशेजारी बसून पाण्याकडे बघत राहिली, मीही बसले. दिवस कलल्यावर मागून आवाज आला, "काय गं, हितं का बसलाय?" पलीकडे बांधलेली ट्यूब वाऱ्याने सुटली म्हणून मामा रस्त्याने लई लांबचा वळसा घालून आला होता. पायात पलीकडचा जोड. मामीने वर पाहिलंच नाही, चपला पुढे सरकवल्या. "ह्या घाला आधी." परवा कोकणात लेक सर्फिंगची फळी घेऊन लाटांत शिरली. जाताना म्हणाली, "आई, चपला राहू दे वाळूत, कोण नेतंय?" ती परत येईपर्यंत त्या मी मांडीवरून खाली ठेवल्या नाहीत.