भिंतीवरची जिद्द

जिद्द, चुरस, ईर्ष्या, महत्त्वाकांक्षा. पिंपरीच्या एका कारखान्यात हे शब्द हातभर उंचीच्या लाल अक्षरांत भिंतीवर रंगवले होते. रंगवून घेणाऱ्या साहेबाने आयुष्यात ड्रिल मशीनचा दांडा एकदाही खाली ओढला नसेल, हे सांगायला ज्योतिषी नको. युनूसला मात्र ते शब्द मनापासून आवडत. काळेवाडीत सायकली दुरुस्त करणाऱ्या बापाचा हा मुलगा एकाहत्तर साली कामाला लागला, तो सगळ्यांच्या पुढे जायचंच असं ठरवून. कामावर येताना पुढे कुणाची सायकल दिसली, तरी त्याच्या पायांना खुमखुमी यायची.

त्याला सेटर व्हायचं होतं. सेटर म्हणजे सगळ्यांची मशीनं जुळवून देणारा माणूस. त्याने दिवसभर दांडा ओढायचा नसतो, किती नग झाले म्हणून त्याला कुणी टोचत नाही. युनूसचा त्या जागेवर डोळा होता.

शेजारच्या मशीनवर रहाटणीचा खंडू. स्वभावाने गरीब आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. कारखान्याच्या त्या विभागात एक रीत होती. ज्याचं काम लवकर उरकेल त्याने आपले जादा नग मागे पडलेल्याच्या ट्रेमध्ये गुपचूप सरकवायचे. कुणाच्या अंगात ताप असे, कुणी घरच्या आजारपणात जागलेला असे. कुणी विचारत नसे, कुणी आभारही मानत नसे. खंडूचे नग तर रोज कुठे ना कुठे जायचेच. युनूसला या प्रकाराची किळस यायची. "ही भीक आहे," तो सगळ्यांदेखत बोलायचा, "ज्याच्यात धमक नाही त्याने घरी बसावं."

दुसरी रीत याहून महत्त्वाची. घड्याळ घेतलेला साहेब काम मोजायला आला, की प्रत्येकाचा हात जड व्हायचा. नग दोनदा पुसायचा, गरज नसताना तेल सोडायचं, माप पुन्हा तपासायचं. त्या दिवशी जो वेग दिसेल तोच पुढे सगळ्यांच्या बोकांडी बसणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. युनूसलाही कळत होतं. पण सुपरवायझर उद्धवराव आदल्या दिवशी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सेटरची जागा निघतेय, युनूसराव. साहेबांना तुमची जिद्द दिसू द्या." एरवी 'ए युनूस' म्हणणाऱ्याच्या तोंडून 'राव' ऐकलं आणि गडी विरघळला. किती स्वस्तात विकली जातात माणसं!

घड्याळ सुरू झालं आणि युनूस पिसाटला. दांडा खाली, दांडा वर, नग ट्रेमध्ये. पुसणं नाही, तपासणं नाही. खंडू शेजारून पुटपुटला, "हळू, भावा, हळू." युनूसला वाटलं, हा जळतोय. साहेबाने घड्याळ थांबवलं आणि टाळ्या वाजवल्या. बाकी कुणीच वाजवल्या नाहीत.

थोड्याच दिवसांत रोजच्या नगांचा नवा, वाढीव आकडा सगळ्यांना लागला. युनूसच्या गळ्यात हार पडला, फोटो निघाला. सेटरची जागा मात्र उद्धवरावांच्या मेव्हण्याला मिळाली. युनूस जाब विचारायला गेला, तर ते म्हणाले, "इतका चांगला हात मशीनवरून काढायचा कसा?" जेवणाच्या सुट्टीत त्याच्या शेजारी कुणी बसेनासं झालं. घरी बायकोने, नूरबीने, हौसेने टांगलेला तो फोटो त्याने काढून पलंगाखाली भिरकावला.

तो आकडा गाठता गाठता सगळ्यांच्या तोंडाला फेस आला, युनूसच्याही. ऐंशी साल उजाडेपर्यंत त्याचा उजवा खांदा कामातून गेला. नूरबी शेक द्यायची, तेल चोळायची, पण हात वर उचलताना डोळ्यांत पाणी यायचं. नग कमी पडू लागले. कंपनीने दोन चार्जशीट दिल्या. आता पुन्हा कमी पडले तर घरी बसायचं होतं.

"साहेब, हा आकडा माणसाच्या आवाक्यातला नाही," तो उद्धवरावांना म्हणाला.

"आकडा काय कंपनीने ठरवला? तुझाच आहे."

युनूसला त्या माणसाच्या गुळगुळीत तोंडाची किळस आली, भिंतीवरच्या लाल अक्षरांची आली आणि त्याहून जास्त आली ती स्वतःच्या हाताची, त्या दिवशी टाळ्यांसाठी नाचलेल्या हाताची. तो मशीनपाशी परतला. पाळी संपत आली होती आणि ट्रे भरायला अजून बरेच नग हवे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मागितलं.

"खंडू, थोडे नग सरकव रे माझ्याकडे."

खंडूने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. राग असता तर युनूसला बरं वाटलं असतं.

"दिलं आस्तं, भावा," खंडू म्हणाला, "पन त्या दिसापासनं कुनाकडं काय उरतंय का?"

आणि स्वतःचा अर्धा रिकामा ट्रे बघून त्याने घाईघाईने दांडा ओढला.