फोन माझा, तक्रारी सगळ्यांच्या

भाईंदर पूर्वेला एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मी पॅकिंगला आहे. डबे पुसायचे, कागदात गुंडाळायचे, खोक्यात भरायचे. पॅकिंगला आम्ही सगळ्या बायकाच. मी नवघरची, बाकी कुणी राईच्या, कुणी उत्तनच्या. मध्यंतरी शेठच्या सुनेने ऑफिसचं काम हातात घेतलं आणि ग्रुपवर एक ऑनलाइन फॉर्म टाकला. कामाच्या जागी काय त्रास होतो ते लिहा, नाव लिहायचं नाही, बिनधास्त लिहा.

त्रास एकच होता, पण रोजचा. बायकांच्या संडासाची किल्ली शेठच्या टेबलावर असायची. जायचं असेल तर केबिनमध्ये शिरून, समोर बसलेल्या व्यापाऱ्यांदेखत हात पुढे करायचा. लाजेपायी कित्येक जणी दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत.

आता फॉर्म भरायचा कसा? कुणाचा फोन साधा, कुणाचा नेटपॅक संपलेला, कुणाचा फोन घरी लेकीकडे. मी म्हटलं, घ्या माझा. डब्याच्या सुट्टीत एकेक जण माझा फोन घेऊन खोक्यांच्या मागे जायची आणि मी शहाणी, कुणाचं चुकून वाचलं जाऊ नये म्हणून भिंतीकडे तोंड करून बसायचे. टाइप करता येत नव्हतं त्या माइक दाबून बोलल्या. राईची मावशी, आमच्यातली सगळ्यात मोठी, ती तर एवढ्या मोठ्यांदा बोलली की पॉलिशवाल्यांनाही ऐकू गेलं असेल. कसलं गुप्त न् कसलं काय! हसून हसून आमची पुरेवाट झाली.

दोन दिवसांनी शेठनी वर बोलावलं. झालं होतं असं, की फॉर्म भरणाऱ्याचा ईमेल आपोआप नोंदवला जात होता. फॉर्मवर बारीक अक्षरात तसं लिहिलंही होतं म्हणे. चष्मा लावून कोण वाचतंय? सगळ्या तक्रारी माझ्याच ईमेलवरून गेलेल्या. शेठ हिंदीत सुरू झाले, एकटीने बसून एवढे फॉर्म भरलेस, बायकांना भडकवायचं आहे का. मी सांगितलं, फोन माझा, लिहिलंय सगळ्यांनी. मग कुणी काय लिहिलं ते नावानिशी सांग म्हणाले, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

नवरा पाय मोडून घरी बसलेला, घर माझ्या पगारावर चाललेलं. पण नावं सांगायला जीभ रेटेना. बायका माझ्या भरवशावर बोलल्या होत्या. मी खाली आले आणि पिशवी भरायला घेतली. मेला तो फॉर्म, आणि मेला तो फोन!

मावशीने विचारलं, काय झालं. मी सांगितलं. तिने हातातला डबा नीट गुंडाळून खोक्यात ठेवला, पदर खोचला आणि जिना चढायला लागली. मी मागे धावले, तिला थांब म्हणत. ऐकते कुठली.

"शेठ, किल्लीचं मी बोललंय," ती म्हणाली. "हिचा नुस्ता फोन हाय. हिचं काय न्हाय. लिवा माझं नाव."

आणि तिने नाव सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव, गाव राई, सगळं सावकाश, रेशन कार्डासाठी सांगतात तसं. मी वळून बघते तर बाकीच्या जिन्यावर उभ्या. एकेक जण आत येऊन आपापलं नाव सांगायला लागली. शेठनी पेन उचललं होतं, पण लिहिलं काहीच नाही. शेवटी बाजूच्या टेबलाशी बसलेली सून उठली. ते ईमेलचं सेटिंग बंद करायचं माझ्याकडून राहिलं, चूक माझी, असं तिने सासऱ्यांना सरळ सांगितलं आणि टेबलावरची किल्ली मावशीच्या हातात दिली. शेठ मला म्हणाले, जा, कामाला लाग. आता संडासाच्या दाराला कुलूप नाही, फक्त आतून कडी आहे.

जिन्यातच मला रडू फुटलं. त्या बायकांचे उपकार मी कुठे फेडू? मावशीच्या शेजारी बसून इतकी वर्षं डबा खाल्ला, पण तिचं पूर्ण नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ते मी इथे लिहिणार नाही. माझ्यासाठी तिने एकदा सांगितलं, तेवढं पुरे.