बलबीरची गिनती

आमची चौकी उत्तरेत, उंचावर होती. तिचं नाव सांगत नाही, सांगून कुणाला उपयोगही नाही. मी सिग्नलचा हवालदार. माझं काम वायरलेस सेट चालू ठेवण्याचं. सेट बॅटरीवर चालायचा, बॅटरी जनरेटरवर चार्ज व्हायची आणि जनरेटर नाईक बलबीरच्या मर्जीवर चालायचा. बलबीर हरियाणाचा गडी. जनरेटरला तो ‘बुढिया’ म्हणायचा. पहाटे चालू करताना आधी तिला शिव्या द्यायचा, मग हात जोडायचा.

विजेतलं मला जे काही कळतं, ते त्याने शिकवलं. जनरेटरचा ब्रेकर नेमका कशाने पडतो, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, “उस्ताद, ये गिनती करता है. जितने गए, उतने लौटे? एक भी कम हुआ, तो गेट बंद.”

म्हणजे एका तारेतून जेवढा करंट गेला, तेवढाच दुसऱ्या तारेतून परत यायला हवा. कमी आला, तर तो वाटेत कुठेतरी जमिनीत उतरतोय. कदाचित कुणाच्या तरी अंगातून. गस्तीवर गेलेली माणसं आम्ही परतल्यावर अशीच मोजायचो, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

पेन्शनीत निघाल्यावर माझं पुढचं पोस्टिंग झालं केम गावाजवळच्या आमच्या वस्तीवर. कमांडिंग ऑफिसर आमचे वडील, आबा. त्यांची छाती अधू झालेली. ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र लागतं आणि मशीनला वीज लागते. आमच्याकडची वीज कशी आहे, हे मी कुणाला सांगायला नको. म्हणून मी सोलापूरहून जनरेटर आणला. गिनती करणारा ब्रेकर त्याला मुद्दाम बसवून घेतला. अर्थिंग स्वतः खड्डा खणून केलं. धाकटा भाऊ दत्ता म्हणाला, “दादा, आता आबांची काळजी मिटली.”

काळजी कसली मिटते! चौथ्याच दिवशी संध्याकाळी लाईट गेली, जनरेटर चालू केला आणि खट्. ब्रेकर पडला. वर केला. खट्. परत वर केला. खट्. आबांना ऑक्सिजनचा सिलेंडर लावला. मेन लाईट आल्यावरच सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ट्रायल घेतली. फ्रीज लावला, पंखे लावले, आबांचं मशीन लावलं. ब्रेकर हूं की चूं करेना. संध्याकाळी पुन्हा खट्. जेऊरहून वायरमन बोलावला. तो आला भर दुपारी. त्याच्यासमोर सगळं कसं शहाण्या पोरासारखं चाललं. जाताना म्हणाला, “साहेब, ह्यो ब्रेकर लई नाजूक हाय. काडून टाका. न्हाय तर आबांचं मशीनच खराब असंल.”

मशीनवाला म्हणाला जनरेटर खराब. जनरेटरवाला म्हणाला घराची वायरिंग खराब. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा. मी जनरेटर खोलला, पुसला, प्रत्येक नट आवळला, बोर्डातल्या तारा एकेक करून तपासल्या. संध्याकाळी खट्. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यात आबा खाटेवरून विचारायचे, “मिल्ट्रीत काय केलंस रं एवडी वर्सं?”

दत्ताचं तिसरंच रडगाणं. “दादा, म्हस संद्याकाळी हौदाच्या पान्याला तोंड लावत न्हाय. डॉक्टरनं सुई दिली, पेंड बदलली, तरी नखरे हायेतच.” मी त्याच्यावर खेकसलो. इथे माझा जनरेटर आजारी आणि हा म्हशीचं सांगतोय!

मग तो दिवस आला. दुपारी वस्तीचा ट्रान्सफॉर्मर, डीपी, जळाला. दोन दिवस तरी लाईट येणार नाही, असं कळलं. भरलेला सिलेंडर आणायला चुलतभाऊ मोटरसायकलवर गेला होता. घरातल्या सिलेंडरचा काटा तांबड्यात आलेला. दिवस मावळेपर्यंत जनरेटर छान चालला. आणि मग खट्.

मी ब्रेकर वर केला. खट्. आबांचे ओठ काळे-निळे दिसायला लागले. दत्ता पक्कड आणि वायरचा तुकडा घेऊन धावत आला.

“दादा, बाजूला हो. ब्रेकर सोडून डायरेक्ट जोडतो.”

“हात लावू नको!”

“आरं, आबा चाललं की!”

मी त्याचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. पक्कड खाली पडली. तो माझ्याकडे बघतच राहिला.

त्याला बलबीर दिसत नव्हता. मला दिसत होता. चौकीवर असताना एक दिवस मेडिकल रूममध्ये एक जवान आजारी होता, त्याचीही छातीच भरलेली. हीटर चालू राहणं गरजेचं होतं. ब्रेकर सारखा पडत होता. सेटवर मीच होतो. ऑर्डर आली, “मेडिकल रूम की लाइन किसी हालत में बंद नहीं होगी. ओव्हर.” मी ती बलबीरला दिली. तो म्हणाला, “हो जाएगा, उस्ताद.” थोड्या वेळाने दिवे स्थिर झाले. मी विचारलं, “बलबीर, रिपोर्ट. ओव्हर.” उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. जनरेटर शेडच्या पत्र्याखाली केबल सोलली गेली होती. बर्फ वितळून सगळं ओलं झालेलं. ब्रेकर बाजूला ठेवून त्याने तार थेट जोडली होती आणि मग करंट उतरलेलं पत्र्याचं दार लावायला हात घातला होता. आजारी जवान वाचला.

आता मी बोर्डातले सगळे स्विच पाडले. फक्त आबांच्या मशीनचा ठेवला. ब्रेकर वर केला. खट्. मशीनचाही पाडला. तरी खट्. म्हणजे चोर बोर्डाच्या बाहेर होता.

“दत्ता, बोर्डात नसलेली एखादी तार आहे का? आठव.”

“न्हाय.”

“नीट आठव!”

“गोठ्याचा बल्ब हाय की. बोर्डाच्या आदीच जोडलाय. पर त्येचा काय संबंद? त्येला तर एकच तार हाय.”

“दुसरी कुठाय?”

“उंदरानं कुरतडली. मग हौदापाशी सळई ठोकली आन् अर्थिंग दिलं. एका तारंवर भागतंय की.”

एक तार घरातून गेलेली, दुसरी जमिनीत. दिवस मावळला की दत्ता धारा काढायला जाणार, बल्ब लावणार, करंट सळईतून ओल्या जमिनीत उतरणार. ब्रेकर बिचारा रोज सांगत होता, एक कमी आहे, एक कमी आहे. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशी आमची गत. म्हैस मात्र शहाणी. तिला पाण्याला झिणझिण्या लागत होत्या.

मी जनरेटर बंद केला, गोठ्याची तार मुळापासून तोडली आणि पुन्हा चालू केला. ब्रेकर बसला. आबांचं मशीन घरघरायला लागलं. थोड्या वेळाने ओठांवर रंग आला. त्यांनी डोळे उघडले.

“लाईट आली का रं?”

“आली, आबा.”

मी टॉर्च घेऊन गोठ्यात गेलो. सळई हौदाला टेकलेली, भोवती चिखल, आणि त्या चिखलात दत्ताच्या अनवाणी पायांचे ठसे. मी तिथेच खाली बसलो. मागे म्हैस हौदात तोंड घालून ढसाढसा पाणी पीत होती.

दत्ता आला, मनगट चोळत. म्हणाला, “येवडं जोरात कशापायी पिरगाळलंस?” मी त्याला बलबीरचं सांगितलं. आजवर घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. चौकीवर त्या संध्याकाळी फॉलिन झालं, सगळे रांगेत उभे राहिले, सुभेदार साहेबांनी गिनती घेतली, एक कमी भरला. साहेबांनी रांगेतली त्याची जागा मोकळी ठेवायला लावली. मी रडलो नाही तेव्हा. आता गोठ्यात बसून रडलो.

दुसऱ्या दिवशी दत्ताने स्वतः केमहून दोन तारांची नवी केबल आणली. बोर्डातून ओढली. सळई उपटून फेकली. संध्याकाळी मी जनरेटर चालू केला. त्याने गोठ्यात बल्ब लावला आणि तिथूनच ओरडला, “दादा, गेल्यालं समदं परत आलं का?”

ब्रेकर जागच्या जागी होता. “आले रे!” मी म्हणालो.

बलबीर तेवढा आला नाही.