रविवारची अहिंसा

वाचनमंडळात पुस्तकं कमी वाचली जातात, किस्सेच जास्त साठतात. आमच्या रावेरच्या मंडळाचंही तेच झालंय. मी अमेरिकेत शिकून परतले आणि दर रविवारी चौघा-पाचांना जमवू लागले. विषय एकच: तिथल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेला, मार खाऊनही हात न उचलणारा नेता. आज त्याला कसं तोलायचं?

पहिल्याच रविवारी मी तासभर बोलले. त्याने विरोधकांची मनं जिंकली, असं ठासून सांगितलं. निवृत्त शिक्षक आबांनी शांतपणे विचारलं, "लोकांनी बसमध्ये चढणं सोडलं, तेव्हा बसवाल्याचं मन बदललं की गल्ला रिकामा झाला?"

दोन्ही, म्हटलं मी.

"आधी काय झालं ते सांग."

*

वेल्डिंगवाल्या आसिफभाईचं मत वेगळंच. त्या नेत्यामागे त्याचं न ऐकणारी, चिडलेली पोरं होती. त्यांना घाबरून सरकार याच्याशी बोललं. त्याचा काळ न बघता असा निकाल देणं अन्याय आहे, म्हणत मी टेबलावर मूठ आपटली.

"हळू," आसिफभाई म्हणाला. "अहिंसा चालू आहे."

*

धुळ्याकडून लग्न होऊन आलेली सुशीलाअक्का केळीच्या पॅकिंग शेडवर काम करते. तिथल्या संडासाला मॅनेजरचं कुलूप, म्हणून बाया भर उन्हात पाणी पीत नाहीत. आपल्या नेत्याची रीत शेडवर चालेल का, असं तिने विचारलं. चालणारच, मी म्हटलं. शिवी द्यायची नाही, हलायचं नाही. आबांनी एवढीच भर घातली, "ट्रक भरायच्या दिवशी बसा."

*

तशा त्या बसल्या. कापलेली केळी उन्हात तापत होती, ट्रक उभा होता. मीही बायांमध्ये बसले होते. दुसऱ्या बाया आणतो, अशी धमकी देऊन मॅनेजर आत-बाहेर करत होता. दुपारी फाटकातून आसिफभाई आला, हातात लोखंड कापायचा ग्राइंडर. मॅनेजरने ग्राइंडरकडे पाहिलं, मग संडासाच्या कुलपाकडे. याला कोणी बोलावलं, म्हणाला. आसिफभाई तोंड उघडणार, तेवढ्यात अक्का म्हणाली, "त्याले काय विचारतस? आमनाशी बोल."

मॅनेजरने खिशातून किल्ली काढून तिच्या हातात ठेवली.

बाया उठल्या. आसिफभाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ट्रकच्या मागच्या फाळक्याची कडी तुटलीय, ड्रायव्हरने बोलावलंय. लागू का कामाला?"

अक्काने ते ऐकलं. किल्ली पदराच्या गाठीत बांधत म्हणाली, "घाई काय शे, भाऊ? आधी चहा ले."