नगरसेवकाला विचारलेला लढाईचा प्रश्न

महापालिकेची निवडणूक होती. नंदनवनच्या आमच्या गल्लीत उमेदवार यायचे, नळाचं, नालीचं बोलायचे, आणि दारातल्या खुर्चीवरून माझे सासरे एकच विचारायचे, "लढाई होईन का गा?"

माझा मुलगा फौजेत आहे. तेव्हा सीमेवर होता, सुट्टी रद्द झालेली. पण म्हणून नगरसेवकाला विचारायचं? मी चिडले. "मामाजी, हे लोक कचऱ्याची गाडी पाठवतील तर नशीब! ह्यायले लढाईचं काय माहीत?"

गंमत म्हणजे, "हे माझं काम नाही," असं एकही पठ्ठ्या म्हणाला नाही. पहिला छाती काढून म्हणाला, "आजोबा, घरात घुसून मारू!" सोबतच्यांनी टाळ्या पिटल्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला! माझं डोकंच फिरलं. "तुम्ही जाता का घुसायले? जाईन तर माझा पोरगा न!" तो हात जोडून पुढच्या दारी सटकला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या पक्षाची बाई आली. "लढाईनं कोणाचंच भलं नाही होत काका, बोलून मिटवायले पाहिजे," म्हणाली. अगदी माझ्या मनातलं बोलली, तरी मला रागच आला. मग माझा पोरगा तिथं थंडीत उगाच उभा आहे का? तो राग कशाचा होता, मला अजून कळलेलं नाही.

आमच्या प्रभागातून चार जण निवडायचे, म्हणून एकेका मतदाराला चार मतं. मी दोन 'मारू'वाल्यांना दिली, एक 'मिटवू'वाल्यांना. चौथ्याला बोट अडलं.

"ताई, एक राहिलं," टेबलावरचे साहेब ओरडले.

"थांबा न जरा, ठरून नाही राहिलं!"

मागची रांग हसली. शेवटी 'मिटवू'चं बटण दाबलं. दोन-दोन. बाहेर आले आणि वाटलं, बापा, हे काय करून बसले मी?

रविवारी मुलाचा फोन आला. त्याला सगळं सांगितलं, तर तो हसतच सुटला. "आई, तू बी ना वं!" मग मी फोन सासऱ्यांकडे दिला. आता विचारतील म्हणून मी तिथंच कान देऊन उभी राहिले. ते म्हणाले, "स्वेटर घालतं न बेटा?" आणि फोन परत दिला.

नंतर मी म्हटलं, "मामाजी, साऱ्या गल्लीले विचारलं, त्याले काहून नाही विचारलं?"

ते गुडघा चोळू लागले. "तो खरं सांगून देईन न बाई," म्हणाले.